‘मिस्त्री, पेलेट खराब आलाय!’

पोलादपूरहून फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. जुलैचा पाऊस, वीज येऊन-जाऊन. पलीकडून हॉटेलचे मालक बोलत होते. आवाजात राग कमी आणि घाबरेपणा जास्त. “मिस्त्री, पेलेट खराब आलाय. जाळ धरत नाय. आख्खा भटारखाना धुरानं भरलाय, आणि बाहेर दोन बशींची माणसं जेवायला उतरलीत.”

महाड ते पोलादपूर अंतर वीसेक किलोमीटरचं. कोरड्या दिवसात अर्धा तासही लागत नाही, त्या रात्री तासभर लागला. वाटेत मी मनाशी एकच हिशेब करत होतो. गेल्याच आठवड्यात त्या बर्नरची जाळी मी स्वतः साफ केली होती. पेलेटही त्याच गाडीचा, ज्यातला अर्धा माल महाडच्या दुसऱ्या भटारखान्यात उतरला होता आणि तिथे जाळ उत्तम होता. मग इथेच काय झालं?

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, उसाचं चिपाड असा माल वाळवून, साच्यातून दाबून काढलेल्या गोळ्या. करंगळीएवढ्या जाडीच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांब. त्यांत वेगळा डिंक घालावा लागत नाही. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ पडतं आणि तेच गोळी बांधून ठेवतं. ‘पांढरा कोळसा’ म्हणून ज्या जाड कांड्या बॉयलरला जातात, त्यांचंच हे धाकटं भावंड. महामार्गावरची हॉटेलं, लग्नाचे आचारी, कारखान्यांची कँटीन यांच्याकडे गेल्या काही वर्षांत या गोळ्यांवर चालणारे बर्नर आले. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा भाव चढला की ते वाढतात, उतरला की थोडे मागे पडतात. साधारण अडीच ते तीन किलो पेलेट जाळला की एक किलो गॅसइतकी धग मिळते. पण गॅसला नळी जोडून खटका फिरवला की काम झालं. पेलेटला मात्र हवा लागते, आणि ही हवा कुठून येते नि कुठे जाते याकडे कोणाचं लक्ष नसतं. माझं पोट त्या न दिसणाऱ्या हवेवर चालतं.

पोचलो तर शटर खाली. पाऊस आत येतो म्हणून रस्त्याकडचं शटर पार जमिनीपर्यंत ओढलेलं, मागचं दार लावून त्याला पोतं अडकवलेलं, खिडक्यांना ताडपत्री. आत डोळे उघडवत नव्हते. बर्नरच्या तोंडाशी निळसर-पिवळी, आळसावलेली जीभ हलत होती, टोपातलं पाणी कोमटच्या पुढे गेलं नव्हतं. आचाऱ्याने, म्हणजे त्यांच्या वस्तादाने, पेलेटचा पुरवठा पूर्ण उघडून ठेवला होता. जाळ कमी दिसला की प्रत्येक जण हेच करतो. आधीच गुदमरलेल्या आगीच्या तोंडात आणखी घास कोंबतो. भांड्यात गोळ्यांचा ढीग साचला होता आणि त्याच्या पोटातून पिवळट, जड धूर निघत होता.

मी बर्नरला हात लावण्याआधी वर पाहिलं. भिंतीत नवाकोरा अठरा इंची एक्झॉस्ट पंखा, पूर्ण वेगात. चार दिवसांपूर्वीच बसवला होता. धूर होतो म्हणून.

मागच्या दाराचं पोतं काढलं आणि दार सताड उघडलं. पावसाचा सपकारा आत आला, वस्ताद ओरडला. मी म्हटलं, “वस्ताद, दोन मिनिटं थांबा.” दोन मिनिटंही लागली नाहीत. धुराड्यातून उलटा येणारा धूर थांबला, ढीग धडधडायला लागला, जाळाची जीभ टोपाच्या बुडाला जाऊन पसरली.

झालं होतं ते असं. एक्झॉस्ट पंखा खोलीतली हवा बाहेर फेकत होता. जेवढी बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यायला हवी. दारं बंद, खिडक्या बंद, म्हणून हवेने एकच उघडी वाट शोधली. बर्नरचं धुराडं. ज्या नळकांड्यातून धूर वर जायचा, त्यातूनच बाहेरची थंड, ओली हवा खाली ओढली जात होती. ब्लोअर आपल्या परीने फुंकत होता, पण वरून पंखा त्याच्या विरुद्ध ओढत होता, आणि त्या ओढाताणीत आग अर्धमेली झाली होती. धूर घालवायला आणलेला पंखाच धूर करत होता.

त्या रात्रीची खरी गोष्ट मात्र यानंतरची आहे. भाजी चिरायला बसणारा एक पोरगा कोपऱ्यात गोणीवर डोकं धरून बसला होता. दोनदा ओकला होता. मालक म्हणाले, “पित्त झालंय त्याला, सकाळपास्नं जेवला नाय.” मी त्याला उचलून बाहेर पडवीत नेला, वाऱ्याला बसवला आणि मालकांना म्हटलं, गाडी काढा, आधी दवाखान्यात न्या. हे पित्त नव्हतं. अर्धवट जळणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं ठणकतं, मग मळमळ, मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी कामावर होता. मला आजही त्या भटारखान्यात शिरताना सगळ्यात आधी तो कोपरा दिसतो.

मी हे काम पुण्यात शिकलो, २००८ च्या आसपास. तेव्हा पुण्यात पेलेटच्या चुलीचा मोठा बोलबाला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या गटाने विकसित केलेल्या रचनेवर बीपी कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची घरगुती चूल २००६ मध्ये आणली. २००९ मध्ये ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीने हाती घेतली. कळशीएवढी चूल, बाजूला चार्जिंगच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, त्याला दोन वेग. गोळ्या भरायच्या, वरून पेटवायच्या. साधारण ४ लाख चुली विकल्या गेल्या. पुढे कच्चा माल महागला, गोळ्यांचा भाव वाढला, घरोघरी गॅस सोपा झाला आणि या तंत्राने हॉटेलांच्या भटारखान्यांकडे मोर्चा वळवला. चूल मागे पडली तरी त्या छोट्या पंख्याने आमच्यासारख्या कितीतरी हातांना एक धंदा शिकवला.

मी होतो त्या वर्कशॉपमधले फोरमन काका आम्हा पोरांना पहिल्या दिवशी पाना देत नसत. एक किलो लाकूड नीट जळायला किती हवा लागते, हे विचारत. कोणी म्हणे बादलीभर, कोणी म्हणे पिंपभर. उत्तर आहे सुमारे ५ घनमीटर, म्हणजे पाण्याच्या पाच हजार लिटरच्या टाकीएवढी, आणि तीही अगदी काटेकोर मापाची. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. वजनात सांगायचं तर एका किलो लाकडाला सहा किलोंच्या आसपास हवा. काका म्हणायचे, “आगीच्या ताटात सहा घास हवेचे, एक घास लाकडाचा. तुम्ही सगळे त्या एका घासाकडे बघता.”

ही हवाही दोन वाटांनी लागते. थोडी खालून, जाळीतून. ती गोळ्यांना तापवते आणि त्यांच्यातला वायू बाहेर काढते. लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग असा वायू होऊनच जळतो, निखारा होऊन उरतो तो थोडाच. उरलेली हवा वरच्या भोकांच्या कड्यातून यायला हवी, तो वायू पेटवायला. खालची भोकं बुजली तर गोळ्या धुमसतात. वरची बुजली तर वायू पेटतच नाही, पिवळा धूर होऊन छपराला लागतो. जाळ बघून कोणती वाट बंद आहे ते मला साधारण कळतं. ताठ, चपळ, तळाशी निळसर झाक असलेला जाळ म्हणजे ठीक. लांब, लोळणारा, शेंड्याला काजळी धरणारा जाळ म्हणजे आग हवा मागते आहे.

आमच्या आजीला हे सगळं फुंकणीने कळत होतं. ओली लाकडं असली की ती चुलीच्या तोंडातून कधीच फुंकत नसे. लाकूड जरा उचलायची, राख मागे सारायची, खाली पोकळी करायची आणि मग त्या पोकळीत एकच लांब फुंकर. मी आज जे करतो त्यात याहून वेगळं काही नाही. माझी फुंकणी विजेवर चालते, एवढंच.

म्हणून मी कोणत्याही बर्नरकडे हवेच्या वाटेने जातो. जिथून हवा आत शिरते तिथून सुरुवात, आणि जिथून धूर आभाळात जातो तिथे शेवट. पेलेटची गोणी शेवटून दुसरी. मालकांना हे आवडत नाही. त्यांचं बोट आधीच गोणीकडे असतं.

कधी कधी दोष खरंच गोणीत असतो, हेही सांगायला हवं. या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवा अशी असते की मिठाची बरणी पाझरते. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो. ती गोणी थेट लादीवर, भिंतीला टेकवून ठेवली की पंधरा दिवसांत खालचा थर फुगतो, गोळी सुटते आणि परत भुसा होतो. हा भुसा, आम्ही त्याला चुरी म्हणतो, जाळीच्या भोकांत जाऊन बसतो आणि खालची हवा बंद करतो. उपाय फार साधा आहे. गोणीखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, आणि ओतण्यापूर्वी चाळणी. पोलादपूरच्या एका खाणावळीतल्या मावशींनी घरची तांदळाची जुनी चाळण त्यासाठी ठेवली आहे. त्यांच्या बर्नरकडे मला वर्षातून एकदाच जावं लागतं.

दुसरा दोष भाताच्या तुसाचा. आपला मुलूख भाताचा, गिरणीत तूस ढिगाने पडलेलं. कोणी ना कोणी स्वस्तात तुसाचा पेलेट आणतोच. तूस वाईट जळतं असं नाही, पण त्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख असते आणि त्या राखेत सिलिका भरपूर. लाकडाच्या भुशाच्या चांगल्या पेलेटमध्ये राख एक-दोन टक्के. म्हणजे जो बर्नर दिवसातून एकदा झाडला की पुरतं, तो तुसावर तासातासाला झाडावा लागतो. शेतमालाच्या काही गोळ्यांतली राख तर वितळून जाळीवर काचेसारखी खडी धरते. ती झाडूने निघत नाही, छिन्नी लावावी लागते. महाडच्या एका फरसाणवाल्यांच्या जाळीवर मला अशी अख्खी भाकरी मिळाली होती, भाकरीएवढी गोल आणि दगडाएवढी टणक. खालच्या साठ-सत्तर भोकांपैकी सात उघडी होती. त्या सात भोकांवर त्या माणसाने दिवाळीची चकली तळत आणली होती.

पाचाडची रात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा असतो. आदल्या दिवसापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं गडाच्या पायथ्याशी येतात, आणि पाचाडच्या आसपास मंडपांत त्यांच्या जेवणाच्या चुली रात्रभर चालतात. पावसाचा भरवसा नसतो, लाकूड ओलं होतं, म्हणून एका वर्षी तिथल्या एका मंडळाने तीन पेलेट बर्नर भाड्याने आणले. रात्री एकला मला निरोप आला. तिन्हींचा जाळ एकदम बसला.

एक बर्नर बसला तर बर्नर तपासावा. तिन्ही एकदम बसले तर त्या तिघांत सारखं काय आहे ते शोधावं. पेलेट सारखा होता, म्हणून सगळ्यांनी पेलेटच्या नावाने बोटं मोडली होती. सारखी गोष्ट आणखी एक होती. वायर. मंडपवाल्यांनी जनरेटरपासून ऐंशी-नव्वद मीटर लांब एक बारीक वायर ओढली होती. तिच्यावरच तिन्ही ब्लोअर, तिच्यावरच हॅलोजन, आणि रात्री बाराला खोबऱ्याचं वाटण सुरू झालं तेव्हा तिच्यावरच दोन मोठे ग्राइंडर. मी मीटर लावला. ब्लोअरच्या टोकाला १६८ व्होल्ट. वायरला हात लावला तर गरम.

पंखा फिरताना दिसत होता, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. पण पंख्याचा हिशेब सरळ नसतो. वेग कमी झाला की हवेचं माप त्याच प्रमाणात घटतं, आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो. वेग निम्मा झाला तर दाब चौथाई. राख, गोळ्या, जाळी यांना भेदून वर जायला दाबच लागतो. तिन्ही ब्लोअरसाठी जनरेटरपासून वेगळी, जाड वायर टाकली. मीटरवर २२० आले आणि पुढच्या क्षणाला तिन्ही टोपांखाली जाळ उभा राहिला. वाटण करणाऱ्या बायांनी हात थांबवून पाहिलं. पहाटे चारला पहिली पंगत बसली. गडावर निघालेली पोरं गरम भात-आमटी खाऊन अंधारातच चालायला लागली. त्या रात्रीची मजुरी मी घेतली नाही.

पुराचीही एक आठवण आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून गेलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या दिवसांबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना लिहून सांगायची गरज नाही. आठ-दहा दिवसांनी कामं सुरू झाली तेव्हा माझ्याकडे चिखलाने भरलेले ब्लोअर येत होते. सावित्रीचा गाळ मैद्यासारखा बारीक. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या आतल्या बाजूला तो चिकटून वाळला होता. बाहेरून पुसलेला ब्लोअर चकचकीत दिसायचा, आत पात्यांमधली जागाच भरून गेलेली. पात्यांवर गाळ असला की पंखा हवा पकडत नाही, शिवाय तोल जाऊन बेअरिंग खातो. ते सगळे पंखे आम्ही उघडून ब्रशने धुतले.

एका कँटीनचा मोठा, थ्री-फेज ब्लोअर मात्र धुऊन, सुकवून, नवं बेअरिंग घालूनही हवा देईना. देईना म्हणजे द्यायचा, पण मरगळलेली. तोंडाशी हात धरला तर वारा लागायचा. दोन दिवस मी त्याच्यामागे होतो. नळी उघडली, जाळी पाहिली, धुराडं पाहिलं. तिसऱ्या दिवशी बंद करताना सहज पंख्याच्या थांबत्या पात्यांकडे लक्ष गेलं, आणि मग ब्लोअरच्या अंगावरच्या बाणाकडे. पातं बाणाच्या उलट थांबत होतं. पुरानंतर वायरमनने नवीन जोडणी करताना दोन फेजची अदलाबदल झाली होती. अशा कवचातल्या पंख्याची गंमत ही, की तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर फेकतो, फक्त कमी फेकतो. वारा लागतो म्हणून माणूस फसतो. दोन वायरी आपसात बदलल्या, दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी आधी पंखा बंद करून त्याची पाती थांबताना पाहतो.

आंबेनळी घाट चढून मी महाबळेश्वरलाही जातो. तिथल्या एका बंगल्यात खोली उबदार ठेवणारा परदेशी पेलेट स्टोव्ह आहे, काचेचं दार असलेला. अमेरिकेत तेलटंचाईनंतर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे स्टोव्ह आले. आज इटलीत ते घरोघरी आहेत. आपल्याकडे ते पाहायला मिळणं दुर्मीळ. बंगल्यातला तो स्टोव्ह डिसेंबरात पेटवला की पाच मिनिटांत जाळ मंदावून आपोआप बंद पडायचा. यात पंखा हवा आत फुंकत नाही, धूर बाहेर ओढतो, आणि ती ओढ पुरेशी आहे का हे एक छोटी रबरी नळी सतत चाचपत असते. ओढ कमी वाटली की यंत्र स्वतःला बंद करतं. मी ती नळी काढली. आत कुंभारीण माशीने मातीचं सुबक घर बांधलं होतं. आठ महिने स्टोव्ह बंद, एवढं शांत आणि कोरडं भोक तिला दुसरं कुठे मिळणार! तारेने माती काढली. शिवाय दाराची दोरी पाहिली. काचेच्या धाग्याची ही दोरी दार घट्ट बसवते. दहाची नोट दारात ठेवून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकली तर दोरी चांगली. सुळकन निघाली तर आगीला न भेटताच हवा आत शिरते आहे. तिथे नोट तीन ठिकाणी अडकली आणि बिजागरीकडे सुळकन निघाली. नवी दोरी घातली. खाली हॉटेलांच्या बर्नरमध्ये राखेच्या दाराला मी हीच परीक्षा लावतो. तिथे दोष उलटा असतो, ब्लोअरची हवा जाळीपर्यंत न जाता फटीतून बाहेर पळते. सांध्यापाशी उदबत्ती धरली की तिचा धूर लगेच चुगली करतो.

आता माझी चूक. ती सांगितली नाही तर बाकीचं सांगायचा मला हक्क नाही. धंद्याची पहिली दोन-तीन वर्षं होती. महामार्गावरच्या एका हॉटेलात गणपतीच्या आधी जाळ बसला. चाकरमान्यांच्या गाड्या यायला चार दिवस. मी जाळी पाहिली, ब्लोअर पाहिला, ठीक होते. वर छपरावर चढायचा कंटाळा केला, शेवाळलेले पत्रे होते. मालकांनी विचारलं, “पेलेटच ना?” आणि मी मान हलवली. त्यांनी दोन टन माल परत पाठवला. पावसात ताडपत्रीखाली आलेला तो माल परत जाईपर्यंत अर्धा भिजला. तो पुरवणारा एक तरुण होता, कर्ज काढून छोटा कारखाना टाकलेला. नवा माल आला, जाळ तसाच. मग मी छपरावर चढलो. धुराड्याच्या टोपीला पाखरं शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावलेली होती, आणि तिच्यावर काजळी आणि डांबरासारख्या चिकट थराचा असा पापुद्रा बसला होता की बोटसुद्धा आरपार जाईना. जाळी काढून टाकली. जुन्याच गोणीतल्या उरलेल्या गोळ्या घातल्या. जाळ टोपाच्या काठापर्यंत आला.

मी त्या तरुणाकडे जाऊन सांगितलं की तुझ्या मालात दोष नव्हता, माझ्या आळसात होता. त्याने पाणी दिलं, काही बोलला नाही. मालकांनाही सांगितलं. पैसे भरून निघाले नाहीत ते नाहीतच. एका मान हलवण्याने कुणाचं किती नुकसान होतं ते मला तेव्हा कळलं. आता मी छपरावर चढल्याशिवाय पेलेटला वाईट म्हणत नाही.

धुराड्याचं हे दुखणं जुनंच आहे. १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आपल्या गावांत ‘निर्धूर चूल’ म्हणून ती आली. सिमेंटची चूल आणि भिंतीतून वर गेलेला पाइप. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम आवरता घेतला. आमच्या वाडीतही त्या चुली होत्या. पहिलं वर्ष बायका खूश. दुसऱ्या पावसात पाइप काजळीने भरला आणि तो झाडायचा असतो हे चूल देणाऱ्यांपैकी कोणी सांगितलं नव्हतं. धूर परत घरात यायला लागला. आजीने पाइप उपटून परड्यात टाकला, त्याच्यावर दुधीचा वेल चढला. लोक म्हणाले, बायकांना सुधारणा नको असते. मला अजूनही त्या वाक्याचा राग येतो. तिला सुधारणा हवी होती. काठीला बांधलेला एक काथ्याचा कुंचा आणि दोन वाक्यं, एवढंच तिला कोणी दिलं नाही. बर्नर विकणारे आजही हेच करतात. यंत्र बसवतात, फोटो काढतात आणि जातात. आचाऱ्याच्या हातात कुंचा देत नाहीत. म्हणून मी नवा बर्नर बसवला की मालकाशी बोलून झाल्यावर वस्तादाला आणि भांडी घासणाऱ्या मावशींना बोलावतो आणि त्यांच्याच हातून जाळी एकदा काढून परत बसवून घेतो. यंत्राशी दिवसभर तेच राहतात.

महाड-पोलादपूरच्या हॉटेलमालकांना, कँटीनवाल्यांना, आचाऱ्यांना माझी विनंती आहे. मेअखेरीस, पहिला पाऊस पडायच्या आत, धुराड्याची टोपी खाली उतरवून घासून घ्या. आणि पावसाळ्यात भटारखाना उबदार असतो म्हणून कामाची पोरं रात्री बर्नरशेजारी अंथरूण टाकतात, दार-शटर लावून घेतात, खाली राखेत निखारे धुमसत असतात. कृपा करून त्यांना तिथे झोपू देऊ नका. त्यांना पडवीत जागा द्या, एक जास्तीचं घोंगडं द्या.